शून्याचं टोक

आमच्या ह्यांना सरळ रेघेचं वेड आहे. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, त्यातली सव्वीस ह्यांनी क्लबाच्या फुटबॉल मैदानावर पांढऱ्या रेघा मारण्यात घालवली. घरात चटई जरा तिरकी दिसली की भरल्या ताटावरून उठतील आणि सरळ करतील. मी एकदा वैतागून म्हटलं, "मलापण एकदा दोरी लावून सरळ करा." तर म्हणाले, "दोरी तुटेल." असा माणूस. बोलणार कमी, पण बोलला की मिरची लागेल.

त्याच क्लबात मी खेळाडूंचे कपडे धुते. पोरं ह्यांना मामा म्हणतात, मला मामी. धुण्याच्या खोलीची खिडकी मैदानावर उघडते, त्यामुळे मला सगळं दिसतं. नको ते जास्त दिसतं.

ह्यांच्याकडे पन्नास मीटरची एक कापडी टेप होती. पंधरा वर्षांपूर्वी गवत कापायच्या मशीनमध्ये तिचं टोक गेलं आणि पहिला एक मीटर फाटून उडाला. दुसऱ्या कुणी नवी मागितली असती. ह्यांनी फाटल्या जागी तारेची कडी बसवली आणि तीच चालवली. टेप एकच्या आकड्यापासून सुरू होते, म्हणून वीस मीटर हवे असतील तर एकवीसवर खुंटी ठोकायची, दहा हवे तर अकरावर. पंधरा वर्षं हेच. शेवटी शेवटी डोक्याला विचारावंच लागत नव्हतं, हातच आपला एक मिळवायचा.

यंदा हंगाम सुरू व्हायच्या दीड महिना आधी नवा मॅनेजर आला. आठवड्याभरात पोरांनी त्याचं नाव फूटपट्टी ठेवलं. पहिले नऊ दिवस त्याने चेंडूच कपाटात कुलूप लावून ठेवला. फुटबॉलवाल्यांना चेंडू नाही! नुसतं पळायचं, उड्या मारायच्या, एका पायावर उभं राहायचं. स्वतः पण पळायचा, सगळ्यांच्या मागून, कोण पाय ओढतोय ते बघत. आणि मला म्हणे, प्रत्येकाचा बनियन सरावाआधी तोलायचा आणि नंतर ओला तोलायचा. कुणाला किती घाम आला ते वहीत लिहायचं. मी म्हटलं, "साहेब, उद्या त्यांचे उसासे मोजायला सांगाल." तो हसला नाही. तो कधीच हसत नसे. मालिशवाल्याने एका पोराच्या दुखऱ्या डाव्या गुडघ्याऐवजी वहीत उजवा लिहिला, तर तिसऱ्या दिवशी मालिशवाला घरी. तेव्हापासून सगळे वहीत लिहिण्याआधी दोनदा बघायचे.

दहाव्या दिवशी परीक्षा होती. मैदानावर दोन रेघा, मध्ये वीस मीटर. भोंगा वाजायच्या आत या रेघेवरून त्या रेघेवर पोचायचं, पुढच्या भोंग्याच्या आत परत. भोंगे हळूहळू जवळ येत जातात. दोनदा उशीर झाला की बाहेर. मॅनेजरने फळ्यावर लिहिलं होतं, शंभर फेऱ्या. त्याच्या खाली राहील त्याला या हंगामात जागा नाही, आणि दुसरी संधी नाही.

आदल्या दिवशी त्याची नजर ह्यांच्या टेपवर गेली. दोन बोटांनी उचलून त्याने ती कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि नवीकोरी स्टीलची टेप हातात दिली. ह्यांनी तिनेच परीक्षेच्या दोन्ही रेघा आखल्या. तो गेल्यावर जुनी टेप डब्यातून काढली, पुसली आणि घरी आणली.

परीक्षेच्या दिवशी पोरं अगदी मेटाकुटीला आली. दोघं कुंपणाशी जाऊन ओकले. मॅनेजर सारखा वहीत बघत होता, सगळ्यांचेच आकडे त्याच्या अंदाजापेक्षा कमी येत होते. पण पडला एकच, खांब.

खांब म्हणजे आमचा बचावपटू. ताडमाड उंच, वय चौतीस, सोळाव्या वर्षापासून याच क्लबात. ह्यांचं आणि त्याचं विळ्याभोपळ्याचं सख्य. दोन वर्षांपूर्वी त्याने चिखलात हट्टाने सराव करून गोलसमोरची सगळी हिरवळ उखडली होती. ह्यांनी त्याला चारचौघांत रेडा म्हटलं, त्याने ह्यांना गवत्या म्हटलं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. समोरासमोर आले की एक आकाशाकडे बघणार आणि दुसरा गवताकडे.

त्या दिवशी खांब सत्त्याण्णव फेऱ्या पळाला आणि गुडघ्यांवर बसला. मॅनेजर त्याच्याजवळ गेला, हात देऊन उठवलं आणि म्हणाला, "उद्या सकाळी आठला ऑफिसात ये. सोडचिठ्ठीवर सही लागेल." अठरा वर्षांचा हिशोब एका वाक्यात संपला. मला त्याची दया आली, खोटं कशाला बोलू? पण संध्याकाळी घरी येईपर्यंत मी विसरलेही.

घरी मी खिडकीच्या पडद्याचं माप घेत होते, त्याच जुन्या टेपने. "साडेतीन," मी म्हटलं.

"एक वजा कर," हे चहा पितापिता म्हणाले. "अडीच."

आणि कप तसाच हातात राहिला. चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"काय झालं हो?"

"काल नव्या टेपवर मी किती धरले?"

"मला काय विचारता? तुम्ही मोजलंत ना!"

"आठवत नाही," हे म्हणाले. "कितीवर खुंटी ठोकली, आठवतच नाही गं."

मैदानाच्या किल्ल्या ह्यांच्याकडेच असतात. उजेड होता तोवर पोचलो. परीक्षेच्या दोन्ही रेघा तिथेच होत्या. मी एका रेघेवर नव्या टेपचं टोक दाबून बसले, हे दुसरीकडे चालत गेले, वाकले. बराच वेळ वाकूनच राहिले.

"एकवीस," तिकडून आवाज आला.

प्रत्येक फेरीला एक मीटर जास्त. सत्त्याण्णव फेऱ्यांत सत्त्याण्णव मीटर जास्त पळाला होता खांब. हे जागीच गवतात बसले. सव्वीस वर्षांत ह्यांची रेघ एकदाही चुकली नव्हती, आणि चुकली ती नेमकी याच दिवशी, याच माणसासाठी.

ह्यांनी खिशातून फोन काढला. "मॅनेजरला सांगतो."

मी तो हिसकावून घेतला. हो, हिसकावला, हातातून.

"डोकं फिरलंय का तुमचं? मालिशवाल्याचं काय झालं विसरलात? त्याने एक गुडघा चुकवला, तुम्ही अख्खी परीक्षा चुकवलीत! निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत."

"चूक झालीय माझी."

"चूक म्हणून ऐकेल कोण? खांबशी तुमचं वैर अख्ख्या क्लबाला माहीत आहे. मुद्दाम केलं म्हणतील. तोंड दाखवायला जागा उरणार नाही." मी थांबले नाही. एकदा सुटले की मी थांबत नाही. "ते मशीन काढा आणि गवत कापून टाका. रेघा गेल्या की विषय संपला. कुणाच्या बापाला कळणार नाही."

हे माझ्याकडे बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. मग उठले, मशीन काढलं आणि खरंच गवत कापायला लागले. मला हुश्श झालं. फोन मी पिशवीत तळाशी टाकला. अर्ध्या तासाने मान वर करून बघते तर सगळं मैदान कापून झालेलं आणि मधोमध दोन पट्टे जसेच्या तसे. रेघांना ह्यांनी हात लावला नव्हता.

"उद्या सांगतो," एवढंच म्हणाले. घरी आल्यावर जेवले नाहीत. फोन मी दिला नाही, ह्यांनी मागितला नाही.

सकाळी पोरं व्यायामाला जमली होती. खांब ऑफिसाच्या पायरीवर बसला होता, अंगात घरचे कपडे, पायात चपला. मी धुतलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन धुण्याच्या खोलीच्या दारात उभी राहिले. हे सरळ मॅनेजरसमोर गेले आणि सगळ्यांच्या देखत बोलले, आवाज जरासुद्धा न चढवता. "साहेब, परीक्षेची रेघ चुकली. वीसच्या जागी एकवीस मीटर पडली. चूक माझी. रेघा तशाच ठेवल्यात, मोजून बघा."

पोरं एकदा ह्यांच्याकडे, एकदा खांबकडे बघायला लागली. एक जण हळूच म्हणाला, "मामांनी मुद्दाम..." मी म्हटलंच होतं!

मॅनेजरने स्वतः मोजलं. दोनदा. मग वहीत लिहिलं आणि खांबला विचारलं, "दोन दिवस विश्रांती घेऊन पुन्हा पळशील?"

खांब उभा राहिला. "आत्ता पळतो. दोन दिवस हा जीव टांगणीला नको."

"बूट?"

खांबने मान खाली घातली. रागाच्या भरात त्याने बूट काल रात्री घराबाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकले होते, आणि पहाटे कचरागाडी येऊन गेली होती. सगळ्यांच्या बुटांत पाय घालून बघितले. त्याच्या पायाला कुणाचे व्हायला? शेवटी गोलकीपरचे चढले, एक नंबर लहान, अंगठा मुडपून.

नवी रेघ मारली. मॅनेजरने एक टोक धरलं, ह्यांनी दुसरं. खुंटी ठोकण्याआधी ह्यांनी आकडा तीनदा वाचला, हे मला दारातून दिसलं. मग भोंगा सुरू झाला.

पन्नासपर्यंत ठीक होतं. सत्तरीनंतर तो वळताना दात ओठ खायला लागला. कालचे पाय, लहान बूट. पंचाऐंशीला उशीर झाला, एक चूक लागली. आता आणखी एक झाली की संपलं. पोरं ओरडायची थांबली होती. माझ्या हातातला टॉवेल मी पिळत होते, तो कोरडाच होता. नव्वद. पंचाण्णव. सत्त्याण्णवला तो रेघेवर अक्षरशः कोसळत पोचला, तरी वळला. हे रेघेशेजारी उभे होते, ओठ हलत होते, एकेक आकडा मोजत होते. नव्व्याण्णव. शंभराव्या फेरीला भोंगा आणि पाय एकदमच पडले. मॅनेजरने वाकून बघितलं. पाय रेघेवर होता.

"शंभर," तो म्हणाला. "जागा राहिली."

पोरांनी खांबला उचललं. मॅनेजर मात्र ह्यांच्याकडे वळला. "चूक कधी कळली?"

"काल संध्याकाळी."

"चूक कुणाचीही होते, मामा. मीसुद्धा टेप बदलताना तुम्हाला विचारलं नाही. पण काल संध्याकाळी का नाही कळवलंत? एक फोन केला असता तर हा माणूस रात्री झोपला असता, स्वतःच्या बुटांत पळाला असता."

मी दारातच उभी होते. तोंड उघडलं. ह्यांनी माझ्याकडे एक नजर टाकली, बस्स.

"धीर झाला नाही साहेब," हे म्हणाले. "भ्यालो."

मॅनेजरने तेही लिहिलं. "यापुढे गवत तुम्ही बघा. रेघा दुसरा कुणी मारेल."

आणि मी गप्प बसले. मी, जी भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या काडीवरून भांडते, ती गप्प बसले.

दुपारी धुण्यात खांबचे मोजे आले. दोन्ही टाचा रक्ताने कडक झाल्या होत्या. रक्ताचा डाग थंड पाण्यातच काढावा लागतो, गरम पाण्यात तो पक्का बसतो. मी चोळत बसले, चोळत बसले, आणि एकदम रडू फुटलं. ते रक्त माझ्यामुळे आलं होतं. आणि ज्या माणसाने एका मीटरचं खोटं पोटात ठेवलं नाही, त्याने माझ्यासाठी भर मैदानात स्वतःला भित्रा म्हणवून घेतलं होतं.

ओल्या हातांनीच ऑफिसात गेले. मॅनेजर वहीत डोकं घालून बसला होता.

"साहेब, भ्याले ते नव्हते. मी भ्याले. ते फोन लावत होते, मी हिसकावला. रेघा पुसून टाका, असंही मीच म्हटलं. त्यांनी पुसल्या नाहीत. लिहा हे."

त्याने मला बसायला सांगितलं नाही. पाठीमागचं पान काढलं, एक ओळ खोडली, दुसरी लिहिली. "मामांची रेघा मारायची गाडी मामांना परत," तो म्हणाला. "पण यापुढे माप एकट्याने घ्यायचं नाही. टेपचं शून्याचं टोक तुम्ही धरायचं, दर वेळी. आणि वहीत सही दोघांची."

संध्याकाळी ह्यांना कळलं. मला वाटलं खूश होतील. कसलं काय!

"कशाला सांगितलंस?" हे भडकले. "आयुष्यात एकच गोष्ट खोटी बोललो, तीपण धड टिकू दिली नाहीस."

"तुम्हाला खोटं शोभत नाही," मी म्हटलं.

आता दर सामन्याआधी मी सकाळी मैदानावर जाते, गुडघे दुखत असले तरी खाली बसते आणि टेपचं टोक रेघेवर दाबते. हे चालत जातात दूरवर, पाठ थोडी वाकलीय आता. तिथून ओरडतात, "शून्यच आहे ना गं?"

"शून्यच आहे हो," मी ओरडते. "नीट धरलंय."