परेरा मॅडमसमोरची मुलाखत

तुमचं उत्तर संपलं, की परेरा मॅडम काहीच बोलत नसत. नुसत्या बघत राहत. त्या शांततेला घाबरून माणूस आणखी काहीतरी बोलायचा आणि फसायचा. "उत्तर संपलं ना? मग तोंड मिट," त्या म्हणत.

एका शिपिंग कंपनीत त्यांनी आयुष्यभर नोकरभरतीचं काम केलं होतं. निवृत्तीनंतर गिरगावातल्या आमच्या वाडीत कुणाचीही मुलाखत असली, की आदल्या संध्याकाळी तो त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी येऊन बसायचा. चहा नंतर मिळायचा.

मी बसले तेव्हा छत्तिशी ओलांडली होती. आईच्या आजारपणासाठी लॅबमधली नोकरी सोडली होती. आई गेली, आणि काही महिन्यांनी लोअर परळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमधून बोलावणं आलं.

"नोकरी का सोडलीस?" मॅडमनी विचारलं.

"पर्सनल कारण होतं."

"पर्सनल म्हटलंस, की समोरचा वाईटात वाईट कारण धरतो. खरं सांग. दोन वाक्यांत."

दुसऱ्या वाक्याला मला रडू फुटलं. त्यांनी पाठीवरून हात फिरवला नाही. थांबल्या आणि म्हणाल्या, "पुन्हा." आवाज कापायचा थांबेपर्यंत त्यांनी ते माझ्याकडून वदवून घेतलं. निघताना म्हणाल्या, "शेवटी ते विचारतील, तुम्हाला काही विचारायचंय का? तिथे 'नाही' म्हणू नकोस. तूही त्यांना पारखायला चाललीयस."

मुलाखतीला तिघं होते. माझी दोन वाक्यं नीट गेली. मग मधल्या साहेबांनी तो प्रश्न टाकलाच.

"माझ्याआधी या जागेवर कोण होतं?" मी विचारलं.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. कडेला बसलेल्या बाई हळूच म्हणाल्या, "वर्षभरात दोघं सोडून गेले."

"का?"

कुणी बोलेना. मीही बोलले नाही. शेवटी साहेब म्हणाले, "संध्याकाळी टेक्निशियन एकच असतो. लोड जास्त होतो."

नोकरी मिळाली, पण जीव थाऱ्यावर नव्हता. एकटीच्या हातून रक्ताच्या नमुन्यांची अदलाबदल झाली तर? मॅडमना सांगितलं. "हे मला सांगून काय होणार? त्यांना सांग," एवढंच त्या म्हणाल्या. मी फोन केला. संध्याकाळी दुसरा माणूस असेल तरच येईन, म्हटलं. 'कळवतो' म्हणाले. आठवडा गेला. बाबा काही विचारत नव्हते, पण फोन वाजला की पेपर खाली ठेवत. मग त्या कडेच्या बाईंचाच फोन आला. दुसरा माणूस घेतलाय, सोमवारपासून या.

काही वर्षांनी मॅडमचे गुडघे गेले. जिने चढवेनात. वसईजवळच्या वृद्धाश्रमात मी त्यांना घेऊन गेले. वय, औषधं, पथ्यपाणी, तिथल्या सिस्टरनी विचारलेल्या सगळ्याची उत्तरं मॅडमनी नेमकी दिली. मग सिस्टर म्हणाल्या, "अडीअडचणीला कुणाला बोलवायचं?"

मॅडमनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत लावला. "भाऊ होता," त्या म्हणाल्या. "तो गेला." प्रश्नाला घाबरलेल्या परेरा मॅडम मी तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या.

मी माझा नंबर सांगितला.

"नातं काय लिहू?" सिस्टरनी विचारलं.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "मुलगी म्हटलं तर चालेल तुला?"

"चालेल," मी म्हटलं.

त्यानंतर बहुतेक रविवार मी वसईलाच असायचे. मॅडम गेल्या त्या पहाटे सिस्टरनी माझाच नंबर लावला.