पुष्पलताबाईंची जागा

पुष्पलता मेश्राम आमच्या कार्यालयाच्या अभिलेख कक्षात कारकून. पारशिवनीहून रोज पहिल्या बसनं येत. कोणतीही फाईल मागा, पाच मिनिटांत टेबलावर.

१९७४ च्या मार्चमध्ये एकदा बस वाटेत बंद पडली आणि त्या अकराला पोहोचल्या. तोवर एक फाईल सापडली नाही म्हणून साहेबांनी मला, मुख्य लिपिकाला, सर्वांसमोर झापलं. आमच्याकडे भित्तिपत्रकाशेजारी मतांसाठी कोरा कागद लावायची पद्धत होती; नाव लिहायची सक्ती नसे. जेवणाच्या सुट्टीत मी त्यावर लिहिलं, 'बायकांना नोकरीची जबाबदारी कळत नाही.'

संध्याकाळपर्यंत कागद भरला. 'पुरुषांची अर्धी नोकरी पानठेल्यावर.' 'घरी बसून भाकरी थापा.' 'आयती भाकरी खाणाऱ्यांनी बोलू नये.' दुसऱ्या दिवसापासून डबे खायलाही दोन घोळके बसू लागले. अभिलेख कक्षातलेच, कधी कुणाच्या अध्यातमध्यात नसलेले रुपराव मला म्हणाले, "आपल्या माणसाइची बाजू घ्या ना गा!"

पुष्पलताबाईंनी मात्र खाली सही करून लिहिलं, 'उशीर मला झाला. त्यात सगळ्या बायका कशाला? आणि सगळे पुरुष तरी कशाला?'

टायपिस्ट गोपिका भडकली. "तुमच्यासाठी भांडून राहिलो वं बाई आम्ही, अन् तुम्ही त्याइच्याकडून?"

त्याच महिन्यात कक्षप्रमुखाची जागा भरायची होती. ज्येष्ठता पुष्पलताबाईंची. पुरुष म्हणाले, बाईच्या हाताखाली काम करणार नाही. बायकांपैकी कुणी त्यांच्यासाठी शब्द टाकला नाही. साहेबांनी माझं मत विचारलं.

"वातावरण तापलं आहे, साहेब. सध्या नको."

ते कुणी तापवलं, हे मी सांगितलं नाही. जागा रुपरावांना मिळाली.

याला बारा वर्षं झाली. सहा महिन्यांनी मी निवृत्त होतोय. गेल्या आठवड्यात सेवापुस्तक पाहायला अभिलेख कक्षात गेलो. पुष्पलताबाईंनी ते लगेच काढून दिलं.

"बाई, तो कागदावरचा पहिला शेरा..."

"माहीत आहे मले, वामनरावजी. लिहिल्यावर खाली पट्टीनं रेघ मारणारे हापिसात तुम्ही एकटेच."

"मग तेव्हा काहून नाही बोलल्या?"

"साऱ्या जणी तुमच्यावर तुटून पडल्या असत्या. अन् साहेब तर तुम्हालेच विचारणार होते. वाटलं, तुम्ही खरं ते सांगसान."

माफी मागायला हवी होती. मी सेवापुस्तक उघडलं आणि जन्मतारीख बरोबर आहे का, ते पाहत राहिलो.