हसलेली प्लेट

बुड… बुड… बुड. चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. देवासला बापूंच्या दुकानात तो पहिल्यांदा ऐकला, तेव्हा मला वाटलं आत कुणी भात शिजत ठेवलाय! जुन्या बॅटरीच्या तळाशी गाळ साचतो ना, तसे त्या दुकानातले किस्से माझ्यात साचलेत. जरा हलवलं की वर येतात.

बापू आधी संस्थानच्या मोटारखान्यात होते. संस्थान गेलं, तशी त्यांनी बाजारात बॅटऱ्या दुरुस्त करायचं दुकान काढलं. आम्ही तिघंच: बापू, मी आणि माळवी बोलणारा मांगीलाल भिया. समोरच्या घरात यमुनाबाई राहायच्या. बापूंची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि यमुनाबाईंचा नवराही. बापूंना यमुनाबाईंशी पाट लावायचा होता. आमच्या लोकांत विधवेचा पाट लागायचा, त्यात अडचण नव्हती. अडचण बापूंच्या तोंडाची होती. यमुनाबाई दिसल्या की ते उघडायचंच नाही!

* * *

बॅटरीची प्लेट म्हणजे शिशाची जाळी. तिच्या घरांत शिशाच्या भुकटीचा लगदा भरायचा आणि वाळवायचा. वाळल्यावर त्यात बारीक बारीक छिद्रं राहिली पाहिजेत, म्हणजे तेजाब, बॅटरीतलं अ‍ॅसिड, आतपर्यंत शिरतं, आणि तिथली वीज जाळी गोळा करून बाहेर आणते. मला वाटायचं, जितकं ठासून भरू तितकी प्लेट मजबूत. माझी पहिली प्लेट बापूंनी ठोकून पाहिली.

"ही प्लेट आहे की पाटा? जा, हिच्यावर चटणी वाट!"

यमुनाबाई लग्नाकार्याचे अनारसे करून द्यायच्या. बापूंनी मला पाठवून एक अनारसा आणवला, माझ्यापुढे मोडला. "बघ, आत कशी जाळी पडलीय! लगदा असा हवा." मग तो धडा त्यांनी खाऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, "तुला काल नीट समजलं नसेल. जा, अजून एक आण."

आठवडाभर मला काही समजलं नाही! शेवटी मांगीलालपण हात पुढे करून म्हणाला, "बापू, म्हारे भी समज में नी आयो!"

* * *

कढईत अनारसा सुटून विरला की बायका म्हणतात, अनारसा हसला. प्लेटीतला लगदा गळून पडला की आमच्या दुकानातही तेच म्हणायचे, प्लेट हसली.

एकदा नालछ्याकडचा एक बस ड्रायव्हर आला. मोठ्या मिशांचा, रागीट. मी त्याची बॅटरी उघडून पाहिली आणि सांगितलं, "भिया, तुमची प्लेट हसली."

"किस पे हँसी?"

"एकच नाही, सगळ्या हसल्यात."

तो सरळ भिंतीवरच्या आरशापाशी गेला, मिशीला पीळ दिला, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. मग वळून म्हणाला, "इसमें हँसने का क्या है?"

* * *

टोंकखुर्दचे एक पटेल रेडिओची बॅटरी घेऊन आले. त्यांना ऐकायला कमी यायचं. बापू त्यांना मोठ्यानं समजावत होते, "समोर यमुनाबाईंच्या हातची जाळी बघा पटेल साब! तशी प्लेट देतो तुम्हाला!"

पटेल उठले आणि सरळ समोर गेले. "बाई, रेडिओ के वास्ते दो प्लेट दे दो."

यमुनाबाईंना वाटलं, रेडिओ म्हणजे यांच्या नातवाचं लाडाचं नाव. त्यांनी दोन अनारसे कागदात बांधून दिले. पटेलांनी ते आणून बापूंपुढे ठेवले. "बिठा दो! पर इनमें पॉजिटिव कौन सी?"

बापूंनी दोन्ही अनारसे ओंजळीत घेतले. "पटेल साब, बाई के हाथ की दोनों पॉजिटिव!"

* * *

यमुनाबाईंचे भाऊ धारला होते. त्यांनी बहिणीसाठी कुक्षीचं एक स्थळ काढलं. बाई भावाकडे निघाल्या, तशी बापूंना एकदम आठवण झाली की धारला एक बॅटरी पोचवायची आहे! बसमध्ये बॅटरी मांडीवर घेऊन ते बाईंच्या शेजारी बसले. आज विचारायचंच, असं आम्हाला सांगून गेले होते.

इंदूर आलं, गेलं. बापू बॅटरीच पुसत बसले. धारचं तळं दिसायला लागलं, तेव्हा कुठे तोंड उघडलं.

"चार्जिंग सावकाशच करावं लागतं, बाई. घाई केली तर प्लेट वाकते."

यमुनाबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मग मी कुठं घाई केलीय?"

बापूंना इतका आनंद झाला की ते बॅटरी बसमध्येच ठेवून उतरले. बस पुढे कुक्षीला जाणारी! यमुनाबाईंच्या आधी आमची बॅटरीच त्या स्थळाच्या गावी पोचली.

* * *

आणि मग कुक्षीची माणसं देवासला येणार, असा निरोप आला. उद्याच! आज बापू बोलले नाहीत तर संपलंच. बापूंनी अंगातला सदरा काढून खुंटीला टांगला, धुतलेला घातला, केस चोपडले. पण पाय उंबऱ्याबाहेर पडेना.

मांगीलाल म्हणाला, "बापू, पेलां म्हारे सामने बोल लो." त्यानं गमछा डोक्यावरून घेतला, पदरासारखा, आणि मान खाली घालून स्टुलावर बसला. माझ्या पोटात हसू मावेना.

बापू मात्र हसले नाहीत. त्या गमछ्याकडे बघत सावकाश बोलायला लागले.

"यमुनाबाई, मला गोड बोलता येत नाही. माझ्या घराच्या दोन खोल्या. त्यातली एक मी उघडतच नाही. अंगाला तेजाबाचा वास असतो, कितीही धुतलं तरी जात नाही. पण तुम्ही आलात तर… तर मला संध्याकाळी घरी जावंसं वाटेल."

माझं हसू कुठं गेलं, कळलं नाही. गमछ्याच्या आत मांगीलालनं नाक ओढलं आणि बारीक आवाजात म्हणाला, "हाँ जी."

तेवढ्यात माझं लक्ष दाराकडे गेलं. यमुनाबाई उभ्या! कधीपासून, देव जाणे.

बापू वळले आणि त्यांचं तोंड पुन्हा मिटलं ते मिटलंच. मांगीलाल तसाच, डोक्यावर गमछा घेऊन, उठून उभा राहिला. "भौजी, मैंने तो हाँ कर दी!"

यमुनाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. बापूंकडेही नाही. त्या आत आल्या आणि खुंटीवरचा सदरा काढला. तेजाबाच्या थेंबांनी त्याची पार चाळण झाली होती. त्यांनी एका भोकातून बोट घालून पाहिलं. मग दुसऱ्यातून. मग सदऱ्याची नीट घडी केली, काखेत घेतली आणि गल्ली ओलांडून घरी निघून गेल्या.