शिकारीला एक, सामन्याला दोन

९ ऑक्टोबर. दुसऱ्या दिवशी मुलींना तिरंदाजीच्या सामन्यासाठी राहात्याला न्यायचं होतं, म्हणून शाळा सुटल्यावर सामान बांधायला बसले. पाच मुली, म्हणजे दहा धनुष्यं. वीस दोऱ्या. हातावरचे पट्टे दहा. नव्याने आलेल्या क्रीडाशिक्षकांनी विचारलं, "मॅडम, इतकं कशाला? एक-दोन जास्तीची पुरेत की." मी म्हटलं, "आमच्याकडे पद्धत आहे." पद्धत माझी नाही. आमच्या शाळेचे शिपाई होते, त्यांची आहे. मुली त्यांना जोडमामा म्हणत, आणि पुढे हजेरीपत्रक सोडून सगळीकडे तेच नाव पडलं.

मामांकडे प्रत्येक वस्तूची जोड असे. खिशात दोन पेनं, दोन चष्मे, शाळेच्या प्रत्येक कुलपाच्या दोन किल्ल्या दोन वेगळ्या खिशांत. सहलीला निघाले की दोन डबे. एकदा गणिताच्या सरांनी सगळ्यांसमोर त्यांना छेडलं, "मामा, सगळं दोन-दोन, मग बायको एकच कशी?" मामा फळा पुसत होते. मागे न वळता म्हणाले, "सर, एकीचं ऐकायलाच देवानं दोन कान दिल्यात, आन् तेबी पुरत न्हाईत."

तिरंदाजी त्यांना कोणी शिकवली नव्हती. ते राहात्याकडच्या भिल्ल वस्तीतले. त्यांचे वडील बांबूचं धनुष्य घेऊन माळावर सशाच्या मागे जायचे, आणि मामा लहानपणी त्यांच्या मागे. आता ते कायद्याने बंद आहे, आणि मामांनीही शाळेत चिकटल्यापासून कधी ससा मारला नाही. पण बांबू कोणत्या महिन्यात तोडावा, किती दिवस सावलीत ठेवावा, कुठे तासावा, हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं. शाळेत तिरंदाजी सुरू करायची ठरली तेव्हा माझ्याकडे एक पुस्तक होतं आणि उत्साह होता. धनुष्यं मामांनी केली.

मी एकदा विचारलं, "तुमचे वडीलही दोन धनुष्यं न्यायचे का?"

त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. "छ्या! बाप एकच न्यायचा. मोडलं की माघारी यायचा."

"आणि ससा?"

"ससा गेला घरी. बाई, आपल्याकडं धनुष्य, बाण, कुत्रं. त्याच्याकडं काय? आपलं धनुष्य मोडलं तर त्याला पळाया मिळतं, येवढाच त्याचा वाटा. जोड नेली तर तोबी आपुन खाल्ला की."

"मग मुलींना दोन कशाला?"

"समोर ससा न्हाई. समोर कुनाची तरी पोरगी हाय. एकीचं मोडलं म्हनून दुसरी जिंकली, ह्याला काय खेळ म्हनायचं?"

मला त्या वेळी हे बोलणं आवडलं. त्याची किंमत काय पडेल ते कळलं नव्हतं.

मामांचा आणखी एक नियम होता. दर शनिवारी सराव जोडीच्या धनुष्याने. मुली कुरकुरत. आपलं धनुष्य हाताला बसलेलं असतं. दुसरं घेतलं की बाण भरकटतात. मामा म्हणत, "जोड म्हंजी सवत न्हाई, बहीन हाय. तिलाबी जेवाया वाढा." गाडीत पडून राहिलेलं जास्तीचं धनुष्य वेळेला काठीच्याच कामाचं, हे मी त्यांच्याकडूनच शिकले.

अश्विनी आमची सगळ्यांत चांगली मुलगी. नववीत होती. आईवडील पूर्वेकडच्या कोरडवाहू गावातले, दिवाळी झाली की ऊसतोडीला जाणारे. अश्विनी त्यांच्याबरोबर गेली की शाळा सुटली, हे ठरलेलं. त्या वर्षी मात्र एक वाट होती. नगरला निवड चाचणी होती आणि पहिल्या येणाऱ्या मुलीला पुण्याच्या सरकारी वसतिगृहात जागा मिळणार होती. राहणं, जेवण, शाळा, सगळं तिथेच. जागा एकच.

चाचणी अर्धी झाली तेव्हा अश्विनी पुढे होती. दुसऱ्या क्रमांकावर राहात्याची एक मुलगी. उंच, अबोल, एकटीच आलेली. तिचं धनुष्य मुठीपाशी उभं चिरलं. तिच्याकडे दुसरं नव्हतं. ती मैदानाच्या कडेला जाऊन बसली. मी मुलींना पाणी देत होते. वळून पाहिलं तर ती मुलगी परत रेषेवर उभी, आणि हातात अश्विनीचं जोडीचं धनुष्य. मामा शेजारी उकिडवे बसून तिच्यासाठी दोरीवरची खूण बदलत होते. बाण नेमका कुठे लावायचा ते दाखवणारा लाल दोरा असतो, तो त्यांनी तिच्या हाताप्रमाणे जरासा खाली बांधला.

पुढच्याच फेरीत अश्विनीचं धनुष्य गेलं. आवाज मला लांबून ऐकू आला. बाकीच्या मुली लहान, त्यांची धनुष्यं तिच्या हाताला आखूड पडत.

दोघी वेगवेगळ्या पाळीत बाण मारत होत्या, म्हणून एका धनुष्यावर दोघींना खेळता आलं. मागायची वेळ आली नाही. आपले सहा बाण झाले की राहात्याची मुलगी पळत यायची आणि धनुष्य अश्विनीच्या हातात द्यायची. पण खूण तिच्या मापाची होती. दर पाळीला दोरा सोडून बांधायला वेळ नव्हता. अश्विनी अंदाजाने बाण खुणेच्या जरा वर लावायची, तरी बाण वरच्या अंगाला जायचे. तीन गुणांनी ती हरली.

मी मामांना मैदानावरच बोलले. मुलींसमोर बोलले. "दानधर्म करायचा तर आपल्या घरातलं द्यायचं होतं मामा. आपल्या पोरीचं आयुष्य होतं ते." मामांनी सामान मोजलं, बांधलं आणि गाडीत मागे जाऊन बसले. त्यानंतर मी त्यांच्याशी कामापुरतं बोलायचे. घंटा द्या, खोली उघडा, एवढंच.

दिवाळीची सुट्टी संपली. पहिल्या दिवशी नववीच्या वर्गात गेले तर अश्विनी दुसऱ्या बाकावर. मला वाटलं, घरच्यांचं निघायचं लांबलं असेल. आठवडा गेला, दुसरा गेला. शेवटी तिलाच विचारलं. म्हणाली, "मी मामांकडे राहते, बाई. केडगावला. मामी मला सकाळी उठवतात."

अश्विनीचे आईवडील ऊसतोडीला निघाले त्याच दिवशी मामा त्यांना गाठून आले होते. शाळेत कोणाला सांगितलं नव्हतं. मी त्यांना व्हरांड्यात थांबवलं.

"मामा, चूक झाली म्हणून करताय का हे?"

"चूक कशाची?" ते म्हणाले. "धनुष्य दिलं ते बराबरच हुतं. आमच्या पोरीचं नुकसान झालं, तेबी खरं हाय. दोनी खरं हाय. मंग दोनीचं बघाया नको?"

"मामी काय म्हणाल्या?"

"ती म्हनली, आधी इचारलं असतं तर गादी उनात टाकली असती."

अश्विनी त्या घरात दहावी झाली, बारावी झाली. पुन्हा कधी निवड झाली नाही. आज ती नगरच्या एका दवाखान्यात परिचारिका आहे. तिच्यानंतर मामांच्या दोन खोल्यांत दर दिवाळीला कोणी ना कोणी मुलगी येत राहिली. कधी दोघी. मामी स्वयंपाक करताना पाढे म्हणून घ्यायच्या, आणि त्यांना स्वतःला फक्त पंधरापर्यंत येत, त्यामुळे आमच्या त्या मुली सोळाच्या पाढ्याला हमखास अडत.

धनुष्याबद्दल मी अजूनही मामांशी सहमत नाही. सामना संपेपर्यंत आपल्या मुलीची जोड तिच्याजवळच राहायला हवी, असं मला वाटतं. हे मी त्यांना निवृत्तीनंतरही बऱ्याचदा ऐकवलं. ते हसायचे आणि म्हणायचे, "तुमचं तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या, माझं माझ्यापाशी. चहा घ्या." या उन्हाळ्यात मामा गेले. झोपेतच गेले, कोणाला हाक मारावी लागली नाही. मामी राहात्याला लेकीकडे राहायला गेल्या. केडगावच्या घराला कुलूप आहे.

९ ऑक्टोबरला मी शेवटची पेटी बांधत असताना कोमलची आई आली. कोमल आमच्या पाच जणींतली एक, आठवीतली. आई दारातच उभी राहिली.

"बाई, उद्याचं खेळून घेऊ द्या तिला. मंग दिवाळीनंतर आमी निघनार. दाखला आत्ताच काढावा का, इचारायला आले."

"दाखला कशाला? परत यायचं नाही का शाळेत?"

"यायचंय हो. पन सा महिनं गेल्यावर कोन घेतंय?" मग म्हणाली, "मामा हुते तवर आमाला इचार न्हवता."

मी म्हटलं, बघू. ती गेली. मी पेटीला कुलूप लावलं. माझा मुलगा पुण्यात नोकरीला आहे, त्याच्या खोलीत दोन वर्षं इस्त्रीचे कपडे आणि जुनी वर्तमानपत्रं पडून आहेत. ती खोली मोकळी करायची का, असं घरी जाऊन नवऱ्याला विचारलं. ते म्हणाले, "रद्दीवाल्याला सांगू का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला स्कूटर काढून कोमलच्या वस्तीवर गेले. कोमल दात घासत होती, आई चुलीपुढे होती.

"दाखला काढायचा नाही," मी म्हटलं. "तुम्ही निघाल तेव्हा तिची पुस्तकं आणि कपडे माझ्याकडे आणून टाका. अंथरूण आहे माझ्याकडे."

"किती दिस, बाई?"

"तुम्ही येईपर्यंत."

कोमलने चूळ भरली आणि विचारलं, "बाई, तुमच्याकडं पाढे म्हनावं लागत्यात का?"

"लागतात. तीसपर्यंत. चल, बस मागे, टेम्पो यायची वेळ झाली."