अशोकचं कार्ड

बायकोला हे ठाऊक नाही. उस्ताद गेले, त्यांनाही कळलं नाही. आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, त्याच्यासमोर तर मी वीस वर्षं तोंडात गुळणी धरून बसलो आहे. आज तुम्हाला सांगतो — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमेल असं वाटतं. जे ओळखतात, त्यांना मी फार मोठा माणूस वाटतो.

आणि का वाटू नये? मी मूळचा निमोण्याचा, घर शिरूरला, नोकरी एका कंपनीच्या स्टोअरमध्ये. असली माणसं आमच्याकडं गल्लोगल्ली सापडतील. पण दौंड-शिरूर भागात बॉक्सिंगचा विषय निघाला की माझं नाव निघतंच. स्पर्धेत रिंगच्या कडेला पंचांच्या खुर्च्या मांडतात, त्यातली एक गेली सोळा वर्षं माझी आहे. पांढरा शर्ट, काळी पँट, कडक इस्त्री — ती मी स्वतः करतो, बायकोच्या हातात देत नाही. माझ्या गुणांवर आजवर कुणी बोट ठेवलेलं नाही. हे मी फुशारकीनं सांगतोय का? हो, फुशारकीनंच. पुढचं सगळं या फुशारकीच्याच पोटी आलेलं आहे, म्हणून तीही तुम्हाला नीट दिसू दे.

घरी माझ्या सात जाड वह्या आहेत. जगातल्या जुन्या, गाजलेल्या लढती पुन्हापुन्हा पाहायच्या आणि एकेका राऊंडला स्वतः गुण द्यायचे, हा माझा नाद. राऊंड ज्याचा त्याला दहा, दुसऱ्याला नऊ. एखादा खाली पडला तर आठ. टीव्हीचा आवाज बंद ठेवायचा — समालोचक कान भरतो, आणि लोकांचा आरडाओरडा ऐकला की न लागलेला ठोसाही लागल्यासारखा दिसतो. एकदा लिहिलेला आकडा खोडायचा नाही. ही सगळी शिस्त माझी म्हणून लोक कौतुक करतात, शिकाऊ पंचांना मी ती शिकवतोही. पण ती माझी नाही. अशोकची आहे.

अशोक वरवंडचा. आम्ही दोघं पोरवयात दौंडला उस्तादांकडं शिकलो. उस्ताद म्हणजे सैन्यातून निवृत्त झालेले एक हवालदार, घरामागच्या मोकळ्या जागेत पोतं टांगून शिकवायचे. ग्लोव्हच्या पुढचा पांढरा भाग अंगाला लागला तरच तो ठोसा, बाकी सगळा नुसता धुरळा, हे त्यांचं पहिलं वाक्य आणि शेवटचंही. आम्ही दोघंही बॉक्सर म्हणून बेताचेच. मला मार खाल्ल्यावर राग यायचा, त्याला हसू यायचं. पुढं तो साखर कारखान्याच्या लॅबमध्ये लागला. उसाच्या रसाचं रीडिंग घ्यायचं काम. काचेत जो आकडा दिसेल तो लिहायचा, साहेबाला हवा असेल तो नाही — ही सवय त्याच्या हाडात मुरली होती.

जुन्या लढतींच्या सीड्या त्यानंच कुठून तरी मिळवल्या. मग दर रविवारी दुपारी मी गाडीला किक मारायचो आणि न्हावऱ्यावरून, चौफुल्यावरून वरवंडला जायचो. बुद्धविहारामागं त्याचं दोन खोल्यांचं घर. आम्ही आवाज बंद करून, एकमेकांकडं पाठ करून बसायचो — अगदी परीक्षेतल्या पोरांसारखं. प्रत्येकाच्या हातात पुठ्ठ्याचं कार्ड. राऊंड संपला की आकडा लिहायचा. लढत संपली की दोन्ही कार्डं मिठाईच्या रिकाम्या खोक्यात टाकायची. मग अशोकची बायको, आमच्या सविता वहिनी, मूळ पंचांनी दिलेले गुण वाचून दाखवायच्या. ते तो आधीच छापून आणायचा आणि न बघता, घडी घालून त्यांच्याकडं ठेवायचा. न बघता — हे लक्षात ठेवा. कोण जिंकलं ते जगाला माहीत असतं. पण कुठल्या पंचानं कुठला राऊंड कुणाला दिला, हे कुणाच्या डोक्यात असतं?

माझ्या डोक्यात असायचं.

झालं असं, की पहिल्या चार-सहा रविवारी माझं कार्ड मूळ पंचांशी जुळलं नाही. अशोकचंही जुळलं नाही, पण त्याला त्याचं काहीच वाटायचं नाही. “त्यांला तसं दिसलं, मला असं दिसलं,” म्हणायचा आणि चहा टाकायला उठायचा. मला मात्र झोंबायचं. चूक म्हणजे चूक — आणि ती वहिनींसमोर? मग एका शुक्रवारी कंपनीतून सुटल्यावर मी शिरूरला सायबर कॅफेत गेलो. रविवारी कुठली लढत आहे ते ठरलेलंच होतं. पंचांचे गुण शोधले आणि पाठ केले.

कसं करायचो, तेही सांगतो, कारण त्यातही मी हुशारी केली होती आणि तिचा मला तेव्हा अभिमान वाटायचा. तीन पंचांपैकी दोघांचं जिथं जमलं, तो आकडा घ्यायचा. आणि बारातला एक राऊंड मुद्दाम चुकवायचा. सगळंच जुळलं तर संशय येतो ना? एक चुकला की माणूस खरा वाटतो.

पुढं दौंडची, पाटसची जुनी पोरं येऊन बसायला लागली. सात-आठ जण, सगळे उस्तादांच्या हाताखालचे. माझं कार्ड जुळलं की माना डोलायच्या. मला ‘पंच’ म्हणायला लागले. घर अशोकचं, सीड्या अशोकच्या, नियम अशोकचे, चहा वहिनींचा — आणि मधली खुर्ची माझी. बसणारे बहुतेक माझ्याच भावकीतले, सोयऱ्याधायऱ्यांतले. ती खुर्ची मला मिळाली याचं त्यांना नवल वाटलं नाही. मलाही नाही. नवल वाटायला हवं होतं का? हो.

आता मुद्द्यावर येतो. मी टाळतोय, हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

एका रविवारी आम्ही एक फार गाजलेली लढत लावली. बारा राऊंडची. एक जण सारखा पुढं चालून येणारा, दणदणीत, बघणाऱ्याच्या डोळ्यात भरणारा. दुसरा मागं सरकत, बाजूला होत, छोटे छोटे ठोसे मारून निसटणारा. पंचांनी पहिल्याला जिंकवलं होतं, आणि त्यांचे आकडे मला पाठ होते. पण त्या दुपारी आवाज बंद होता, आणि मला दिसत होतं — अगदी स्वच्छ दिसत होतं — की पुढं येणाऱ्याचे निम्मे ठोसे दंडावर जातायत, आणि मागं सरकणाऱ्याचा पांढरा भाग दर वेळी तोंडावर बसतोय. सात राऊंड त्याचे, पाच समोरच्याचे. माझ्या डोळ्यांनी मी हे मोजलं. आणि माझ्या हातानं पाठ केलेले आकडे लिहिले.

खोकं उघडलं. अशोकच्या कार्डावर सात-पाच. मागं सरकणारा विजयी. वहिनींनी कागद वाचला, माझं कार्ड एक राऊंड सोडून जुळलं, आणि पोरं हसली. अशोकही हसला. तिथं थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी खुर्चीतून, सगळ्यांसमोर, त्याला म्हणालो, “अशोक, तू लढत बघत न्हाईस. तुला जो आवडतो, तोच तुला जिंकताना दिसतो.”

त्यानं आपलं कार्ड परत उचललं. हातातलं कार्ड तेवढं उलटं-सुलटं करून बघत राहिला.

त्यानंतर महिनाभरातच उस्तादांकडं विचारणा आली. पंचांच्या परीक्षेला या भागातून एक माणूस पाठवायचा होता, एकच. उस्तादांनी आम्हा दोघांना दौंडला बोलावलं. मला वाटतं, त्यांच्या मनात अशोक होता. ते त्याच्याकडंच बघत होते. पण ते काही बोलायच्या आत अशोकच म्हणाला, “उस्ताद, ह्याला धाडा. माझ्या नजरंत खोट हाय, मला आता कळलंय.” मी तिथंच होतो, हातभर अंतरावर. बोलायला किती वेळ लागला असता? मी खाली वाकून उस्तादांच्या पाया पडलो.

परीक्षा मी अभ्यास करून, माझ्या बळावर पास झालो, चार वर्षांनी खुर्ची मिळाली, आणि नंतर पंच म्हणून इमानानं काम केलं. तेही खरं आहे. उस्तादांकडून आल्यावर पुढच्याच रविवारपासून अशोकनं कार्ड घेणं बंद केलं. तो आमच्याबरोबर बसायचा, बघायचा, चहा द्यायचा. पुढं पोरं पांगली आणि रविवार बंद पडले, तेव्हा त्यानं ते खोकं मला दिलं. म्हणाला, तुझ्याकडं शोभतं.

गेल्या वर्षी मी ते उघडलं. आता लढती मोबाईलवर मिळतात. ठरवलं, त्या सगळ्या पुन्हा बघायच्या, आवाज बंद, कुठलाही आकडा आधी न बघता. रोज संध्याकाळी एक. सोळा वर्षं खुर्चीत घासून माझी नजर तयार झाली आहे, त्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. प्रत्येक लढतीला गुण दिले, आणि मग खोक्यातली अशोकची पिवळी पडलेली कार्डं शेजारी ठेवली. काय निघालं असेल? जवळजवळ सगळी जुळली. जिथं जुळली नाहीत, तिथं मी तो राऊंड तिसऱ्यांदा बघितला — आणि दर वेळी अशोक बरोबर होता. सोळा वर्षांच्या सरावानं मला जे दिसायला लागलं, ते त्याला पहिल्याच रविवारी, वरवंडच्या त्या खोलीत, जुन्या टीव्हीवर दिसत होतं. माझ्या आयुष्यात मी पाहिलेली सगळ्यात खरी नजर त्याची. माझा दोस्त आहे तो. त्या कार्डांकडं बघून माझी छाती फुगली, आणि ती फुगवायचा मला काय हक्क, हेही त्याच क्षणी कळलं. खोकं बंद करून मी कपाटात ठेवलं.

एवढंच असतं तर हा जुना गुन्हा झाला असता. पण गेल्याच आठवड्यात दौंडला स्पर्धा झाली. अशोकची धाकटी मुलगी, प्रज्ञा, अंतिम फेरीत होती. सोळा वर्षांची आहे, हुबेहूब बापासारखी, मार खाल्ला की हसते. घरोब्यातल्या मुलीची लढत असली की मी खुर्ची सोडतो. तो माझा नियम आहे, आणि लोक त्याचं उदाहरण देतात. म्हणून मी अशोकशेजारी, प्रेक्षकांत बसलो.

तीन राऊंड झाले. मी मुलींकडं बघत होतो, आणि मधूनच माझं लक्ष अशोकच्या हातांकडं गेलं. दोन्ही हात गुडघ्यांवर. लाल कोपऱ्यातल्या प्रज्ञाचा ठोसा बसला की डावं बोट हलायचं, निळ्या कोपऱ्यातल्या मुलीचा बसला की उजवं. हुकलेल्या ठोशांना लोक ओरडत होते, ती बोटं हलत नव्हती; आणि शेवटी डावंच जास्त हललं होतं. वीस वर्षं कार्ड हातात न घेतलेला माणूस अजून गुण देत होता. त्याला स्वतःला तरी ते माहीत होतं का?

निकाल निळ्या बाजूला गेला. प्रज्ञा ग्लोव्ह काढून आमच्याकडं आली. रडत नव्हती. तिनं बापाला सरळ विचारलं, “पप्पा, मी जिंकले व्हते ना?”

अशोक हसला. “माझं नको धरू बाळा. मला जे आवडतं तेच मला दिसतं.” माझं वाक्य — त्याच्या तोंडात, वीस वर्षांनी. मग माझ्याकडं बोट करून म्हणाला, “काका पंच हायेत. त्यांला इचार.”

ती माझ्याकडं वळली. खुर्चीतले पंच काही माझे कुणी लागत नव्हते, त्यांना सांभाळायची मला गरज नव्हती. पण ती जिंकली म्हणालो असतो, तर अशोकची नजर बरोबर ठरली असती. आणि एकदा ती बरोबर ठरली, की तो घरी जाऊन विचार करत बसला असता — मग तेव्हा? मग ते सात-पाच? मला हे सगळं तेवढ्या क्षणात दिसलं. माझी नजर तयार आहे, म्हणालो ना.

मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, “निकाल बरोबर हाय. तुझा तिसरा राऊंड कमी पडला.”

तिनं मान हलवली आणि बॅग उचलली. अशोकनं मला, नेहमीसारखं, चहाला चल म्हणून विचारलं, आणि मी गेलो.

पहिला राऊंड प्रज्ञाचा होता. दुसरा समोरच्या मुलीचा. तिसरा प्रज्ञाचा.