माळाकोळी सोडून

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचते आणि वाचता वाचता मनात कारणंही लावत जाते... थकवा, भास, आठवणींची सरमिसळ. नांदेडच्या एका कॉलेजात मी मानसशास्त्र शिकवत होते. माणूस गेल्यावर घरच्यांना त्याचा आवाज ऐकू येतो आणि तो का येतो, हे मी वर्गात समजावून सांगितलेलं आहे. मला मात्र माझ्या मुलाचा, निखिलचा, आवाज कधीच ऐकू आला नाही.

निखिल लातूरला इंजिनिअरिंगला होता. एका दुपारी मित्रांबरोबर प्यायला आणि तशाच अवस्थेत मोटारसायकलवर घरी यायला निघाला. चाकूरच्या पुढे गाडी उभ्या ट्रकवर गेली.

त्यानंतर मी नोकरी सोडली. पुढे एका संस्थेचं काम घेतलं — दारूत अडकलेल्या कॉलेजच्या मुलांशी फोनवर बोलायचं. व्हिडिओ नाही, फक्त आवाज. मुलं गच्चीवर, पार्किंगमध्ये, कुठेतरी आडोशाला जाऊन बोलतात. एकदम सोड, असं आम्ही म्हणत नाही. कमी कशी करायची, तलफ आली की तेवढा वेळ कसा काढायचा, हे शिकवतो. एक नियम मात्र मी पाळते — स्वतःच्या घरचं काही सांगायचं नाही. निखिलचं नावसुद्धा मी कुणाजवळ काढलेलं नाही.

केशव (नाव बदललं आहे) इस्लापूरकडचा, लातूरला शिकणारा. बराच सावरत आला होता. धुळवडीच्या दुपारी त्याचा फोन आला. जीभ जड.

"मॅडम, मी गावाकडं निघून राहिलो."

"कशावर?"

"गाडीवर. बाप म्हणला, बेवड्याला सणाला घरात जागा न्हाई. त्याला तोंडावरच इचारतो."

"किती घेतलीस, केशव?"

"मोजायला तुम्हीच शिकवलं... आज न्हाई मोजली."

गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. "आधी ती बंद कर," मी म्हणाले, आणि फोन कट झाला. आमच्या गल्लीत रेंज अशीच जाते. मी गच्चीवर पळाले. लावते तर — 'आपण संपर्क करत असलेली व्यक्ती दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहे.' पुन्हा तेच. हॉस्टेलच्या वॉर्डनचा फोन कुणी उचलेना. खाली पोरं रंग खेळत होती आणि मी पाण्याच्या टाकीला टेकून नंबर लावत होते. डोळ्यांपुढे चाकूरचा रस्ता.

ऊन उतरायला लागलं तेव्हा त्याने उचलला.

"कुठे आहेस?"

"हितंच पार्किंगमधी हाय की. किल्ली वॉचमनमामाकडं दिली. त्या दादानं द्यायला लावली."

"कुठल्या दादाने?"

"तुमच्याकडचा. तुम्ही फोन त्याच्याकडं दिला न्हवं का? लई चिडवतो मॅडम तो. म्हणला, बापाकडं जायचं तर आधी तोंड धू, नाहीतर वळखायचा न्हाई तुला."

माझ्या घरात मी एकटी असते. हे ओठांवर आलं होतं, पण मी ते त्याला सांगितलं नाही.

"अजून काय म्हणाला?"

"म्हणला, गाडीवर बसू वाटलं की रस्त्यातली गावं म्हण. सावकाश. संपली की पुन्हा पहिल्यापासून. म्हणता म्हणता उतरली की माझी."

"म्हणून दाखव बरं."

"चाकूर... शिरूर ताजबंद... अहमदपूर... लोहा... सोनखेड... नांदेड."

निखिलला शाळेत असताना आम्ही क्लाससाठी लातूरला ठेवलं होतं. त्याला बस लागायची. हातात लिंबू धर आणि गावं म्हणत बस, हे मीच त्याला शिकवलं. तो म्हणायचा, पण अहमदपूर आणि लोह्याच्या मधलं माळाकोळी गाळायचा. पहिल्या प्रवासात तिथेच उलटी झाली होती, म्हणून ते नाव घेतलं की पुन्हा होते, असं त्याने ठरवूनच टाकलं होतं. हे फक्त मला आणि त्याच्या वडिलांना माहीत. ते तर निखिलच्याही आधी गेले.

"केशव, एक गाव राहिलं तुझं."

"माळाकोळी ना? माहीत हाय मला, तिथूनच तर येतो-जातो. दादा म्हणला, तेवढं नको घेऊ. पोटात ढवळतं."

पुढे काय बोलले ते मला आठवत नाही.

नंतर मी त्याला त्याचा फोन नीट बघायला सांगितला. त्या दुपारी त्याच्याकडे माझ्याशी झालेला एक लांबलचक कॉल दिसतो. तोच कॉल माझ्या फोनवर काही मिनिटांत संपलेला आहे. लाईन दुसरीकडे जोडली गेली असेल, नशेत त्याला भास झाला असेल... ही कारणं मी स्वतःला देऊन पाहिली. माळाकोळीपाशी येऊन ती सगळी थांबतात. मला याचा उलगडा झालेला नाही, आणि आता तो होईल असंही वाटत नाही.

केशव अधूनमधून घसरतो, पण गाडीची किल्ली आधी देऊन टाकतो. बोलणं संपताना कधी विचारतो, "दादा हाय का मॅडम तिथं?"

"बाहेर गेलाय," मी सांगते.

मग तो फोन ठेवतो. मी मात्र थोडा वेळ तसाच कानाला लावून बसते. अजून तरी मला काही ऐकू आलेलं नाही.