समोरच्याचं कुलूप

आमच्या रस्त्यावर एक माणूस बावीस वर्षं उभा आहे आणि अजून कुणी त्याचा पुतळा केलेला नाही. ज्यांचे पुतळे होतात ते आयुष्यभर खुर्चीत बसलेले असतात, हे मी फार आधी ओळखलंय. हा माणूस न्हावी. दुकानात खुर्च्या दोन, दोन्ही गिऱ्हाइकांच्या. वाट बघणाऱ्यांसाठी एक बाक. ह्याला बसायला काही नाही, आणि असतं तरी हा बसला नसता. म्हणून सगळा रस्ता त्याला उभ्या म्हणतो. लहान मुलं उभेकाका म्हणतात, तेवढाच काय तो मान.

हात इतका हलका, की वस्तरा गालावरून गेला हे तुरटी फिरवल्यावर कळतं. तोंड मात्र जड. गिऱ्हाईक जगाच्या गप्पा मारत असतं आणि उभ्या आरशात बघत ‘हं’ म्हणत असतो. गिऱ्हाइकाला वाटतं, किती मन लावून ऐकतोय. तो ऐकत नसतो, पहारा करत असतो. कारण त्याच्या आरशात गिऱ्हाइकाच्या डोक्याच्या वर, अगदी चौकटीत बसवल्यासारखं, रस्त्यापलीकडचं दुसरं सलून दिसतं.

त्या सलूनवाल्याला उभ्या ‘समोरचा’ म्हणतो. तो उभ्याला काय म्हणतो ते छापता येणार नाही. दोघं एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकले, एकाच फुटक्या वाटीत फेस घोटला, आणि एकमेकांचे केस कापत कात्री धरायला शिकले. उस्तादाने हातातली कात्री खाली ठेवली तेव्हा एकाने त्याचं दुकान चालवायला घेतलं, दुसऱ्याने समोरचा गाळा भाड्याने घेतला. इथपर्यंत सगळं बरं होतं. मंगळवारी सुट्टी, दोन्ही शटरं खाली.

मग एका मंगळवारी एक शटर वर गेलं. कुणाचं, ह्यावर अकरा वर्षं दोन मतं आहेत. उभ्या म्हणतो, समोरच्याने कुणा नवरदेवासाठी उघडलं. समोरचा म्हणतो, उभ्याने आधी उघडलं आणि नवरदेव नंतर पैदा केला. काही असो, पुढच्या मंगळवारी दोन्ही उघडी होती आणि तेव्हापासून दोन्ही उघडीच आहेत. मी एकदा मुद्दाम दिवसभर चहावाल्याकडे बसून मोजलं. मंगळवारी ह्याच्याकडे चार डोकी, त्याच्याकडे चार. आणि ती आठही डोकी अशी, की दुकानं बंद असती तर निमूटपणे बुधवारी आली असती. केस काय एका दिवसात पळून जात नाहीत. म्हणजे दोन बाप्ये आठवड्यातला एक अख्खा दिवस उभे कशासाठी, तर दुसरा उभा आहे म्हणून.

ह्या उभं राहण्यात उभ्याचा डावा पाय गेला. आधी शिरा फुगल्या, मग घोट्याच्या वर कातडी काळी पडली, मग तिथे जखम झाली आणि ती भरेना. डॉक्टरीणबाईंनी पट्टी बांधली आणि स्पष्ट सांगितलं, “आठवड्यातला एक पूर्ण दिवस पाय उंच ठेवून बसायचं. नाहीतर सहा महिन्यांत तुम्ही दुकानात उभेच राहू शकणार नाही.” उभ्याने ‘हं’ म्हटलं. गिऱ्हाइकाला म्हणतो तसंच.

मग वहिनी, म्हणजे उभ्याची बायको, माझ्याकडे आली.

“भाऊजी, तुम्ही जगाचे मोर्चे काढता. एक आमच्या घरी काढा.”

मी नगरपालिकेला पाणी सोडायला लावलंय, रेशनवाल्याचा काटा भर रस्त्यात उलटा केलाय. शाळा सातवीत सुटली, पुढचं सगळं वाचनालयाच्या बाकावर स्वतः शिकलोय, आणि जे पदवीवाल्यांना समजत नाही ते मला समजतं असा माझा अनुभव आहे. दोन न्हाव्यांना एक दिवस घरी बसवणं म्हणजे माझ्यासाठी काय मोठं काम होतं. असं तेव्हा वाटलं.

मी गेलो तेव्हा खुर्चीत आमचा शिंपी अर्धी दाढी होऊन बसला होता. मी वाटीतला फेस बोटावर घेतला आणि आरशावर चार चौकोन काढले.

“हा पहिला. दोघांची दुकानं बंद. दोघांनाही आराम, गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येतंच. हा दुसरा. तुझं उघडं, त्याचं बंद. आठही डोकी तुझी, आणि त्यातली दोन कायमची तुझ्याकडे वळली तर विचारूच नकोस. तिसरा त्याच्या उलट. हा चौथा, दोन्ही उघडी. चार-चार डोकी आणि दोघांचे पाय कामातून गेलेले.”

“मग पहिला चांगला आहे,” उभ्या म्हणाला.

“आहे ना. पण तो बंद ठेवणार असेल तर तू काय करशील?”

उभ्याने आरशात समोर पाहिलं. “उघडीन.”

“आणि तो उघडणार असेल तर?”

“तर उघडायलाच पाहिजे.”

“तोही हेच म्हणतोय. म्हणून दोघं चौथ्या चौकोनात येऊन पडलात, आणि एकट्याला बाहेर येता येत नाही. जो आधी हलेल तो मार खाईल. शिकलेले लोक ह्याला समतोल म्हणतात.”

“समतोल?” उभ्याने डावा पाय जरा उचलून उजव्यावर भार टाकला. “आणि बाहेर कसं पडायचं म्हणतात ते?”

“एकमेकांवर विश्वास ठेवून.”

“त्याचा चौकोन दिसत नाही कुठे.”

“पुढारी,” शिंपी म्हणाला, “माझ्या दाढीचा फेस संपवलात. आता हा उरलेला गाल घेऊन मी कुठल्या चौकोनात जाऊ?”

मी चिडलो, पण हरलो नाही. तिथून समोर गेलो. समोरचा शांतपणे म्हणाला, त्याने बंद ठेवलं तर मी एका पायावर तयार आहे. उभ्या म्हणाला, त्याने बंद ठेवलं तर मीही. मी करारनामा लिहिला, अकरा कलमी, माझ्या सगळ्या निवेदनांत तेवढं बांधेसूद काही नसेल. दोघांनी सह्या केल्या, वेगवेगळ्या वेळी, कारण एका खोलीत यायला दोघंही तयार नव्हते.

पहिला मंगळवार उजाडला. साडेसातला उभ्या घरून निघाला, म्हणे दूध आणायला. दूध घरात होतं. रस्त्याच्या कोपऱ्यावरून पाहिलं तर समोरच्याचं शटर वीतभर वर. हा तसाच लंगडत आला आणि आपलं शटर थेट डोक्यापर्यंत उचललं. पाच मिनिटांत समोरच्याचंही डोक्यापर्यंत गेलं. मी धावत पोचलो तेव्हा दोन्हीकडे गिऱ्हाइकं होती आणि माझा करारनामा उभ्याने वस्तरा पुसायला घेतला होता.

मी समोरच्यावर ओरडलो. “शटर का उचललंस?”

“बघायला.”

“काय बघायला?”

“त्याने उचललंय का ते. रस्त्यावर उभं राहून बघितलं असतं तर लोक म्हणाले असते, हा पहारा करतो. म्हणून आतून बघत होतो, वीतभर फटीतून. माझा काय दोष?”

सांगा आता. उघडायचं एकाच्याही मनात नव्हतं. दुसऱ्याने उघडलं नाही ना, एवढंच बघायचं होतं, आणि बघण्यासाठीच उघडलं गेलं. मी वाचनालयात जेवढं वाचलं त्यात ही फट नव्हती. मी दुसरी तोड काढली. जो करार मोडेल त्याचं नाव चौकातल्या फळ्यावर आठवडाभर मोठ्या अक्षरात. समोरचा म्हणाला, “मोठ्या म्हणजे किती? आणि खाली दुकानाची वेळ पण लिहा.” मी हात टेकले.

पुढच्या आठवड्यात पट्टीतून पाणी झिरपायला लागलं. डॉक्टरीणबाई ह्या वेळी उभ्याशी बोलल्याच नाहीत, वहिनीशी बोलल्या. वहिनीने फक्त दुकानातला बाक उचलून घरी आणायला सांगितला, पुढे हा घरीच बसला की पाय ठेवायला होईल म्हणून. तो बाक जाताना उभ्या कात्री हातात धरून बघत राहिला.

त्या सोमवारी संध्याकाळी दुकानं बंद व्हायच्या वेळी मी चहावाल्याकडे होतो. उभ्याने आपलं शटर खाली ओढलं, पण कुलूप लावलं नाही. कुलूप हातात घेऊन त्याने रस्ता ओलांडला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. चहावाल्याने गाळणी तशीच धरून ठेवली.

“हे तुझ्या शटरला लावतो,” उभ्या म्हणाला.

समोरचा झाडू मारत होता. “तुझं कुलूप? माझ्या दुकानाला?”

“आणि तुझं माझ्या.”

“चावी?”

“ज्याचं कुलूप त्याच्या खिशात.”

समोरचा झाडूवर हनुवटी टेकून विचार करायला लागला. “आणि बुधवारी तू उघडायला आलाच नाहीस तर?”

“तुझं कुलूप माझ्याकडे लटकतंय की. तुझ्याशिवाय मी तरी कुठे आत जाणार?”

“आणि मधल्या दिवशी मी बघायला आलो तर?”

“ये की. बाहेरून बघ. कुलूप तुझंच आहे, तुला ओळखू येईल.”

ना सही, ना कलम, ना साक्षीदार. दोन खटके वाजले आणि दोघं आपापल्या घरी गेले. खोटं कशाला बोलू, मला आनंद कमी आणि राग जास्त आला. अकरा कलमं लिहिणारा मी, चौकोन काढणारा मी, आणि वाट काढली कुणी, तर ज्याने आयुष्यात ‘हं’च्या पुढे मत दिलं नाही त्याने. तरी संघटनेच्या बैठकीत मी ती युक्ती आपलीच म्हणून सांगितली. चळवळीत व्यक्तीला महत्त्व नसतं.

मंगळवारी दोन्ही दुकानं बंद. रस्ता दात पडलेल्या तोंडासारखा दिसत होता. मी छाती पुढे काढून दोन फेऱ्या मारल्या. अकरा वाजता वहिनीचा निरोप आला, हे घरात नाहीत, आणि कोनाड्यातली हत्यारांची पिशवीही नाही.

मला लगेच कळलं कुठे असेल. निवृत्त हेडमास्तर तिसऱ्या मजल्यावर राहतात, गुडघ्यामुळे खाली उतरत नाहीत, दाढी घरीच करून घेतात. मी जिना चढायला लागलो तर दुसऱ्या मजल्यावरून बोलणं ऐकू आलं.

“पिशवीत काय आहे?”

“तुझ्या पिशवीत काय आहे ते आधी सांग. भाजी?”

दोघंही. एक वरच्या पायरीवर, एक खालच्या, दोघांच्या बगलेत सारखीच पिशवी. एकच उस्ताद, एकच शिलाई. प्रत्येकाला खात्री की दुसरा घरोघर जाऊन दाढ्या करणार, म्हणून हा आधी आला. हेडमास्तरांनी दोघांनाही बोलावलं होतं. निदान एक तरी येईल, हा त्यांचा हिशेब.

“मी कुलूप लावलं दुकानाला,” समोरचा म्हणत होता, “तुझ्या पायाला लावायला पाहिजे होतं.” आणि पाय म्हणताना त्याने खाली पाहिलं. तीन जिन्यांतले दोन चढून उभ्याची पट्टी ओली झाली होती. समोरच्याने आपली विजार गुडघ्यापर्यंत वर केली. तिथेही शिरा, दोरीसारख्या, अजून फुटल्या नव्हत्या एवढंच.

“बस,” तो म्हणाला.

“तू बस आधी.”

“एकदम बसू.”

दोघं एकदम बसले. तेही एकमेकांकडे बघत, कोणी फसवत नाही ना म्हणून. मग समोरचा मागे वाकला आणि उभ्याच्या मानेकडे बघायला लागला.

“हे मागचं कुणी कापलंय?”

“बायकोने.”

“दिसतंय. आणि अकरा वर्षं तूही माझं मागचं बघितलंस आणि काही बोलला नाहीस.”

“आरशात बघत होतो रोज,” उभ्या म्हणाला. “वाईट वाटायचं.”

न्हाव्याला स्वतःचं मागचं कापता येत नाही, आणि दुसऱ्या सलूनात बसलेला दिसला तर धंद्याची अब्रू जाते. म्हणजे अकरा वर्षं रस्त्यावरची सगळ्यात वाईट डोकी ह्या दोघांची होती. वरून हेडमास्तरांनी हाक मारली, कोण आहे जिन्यात. दोघंही पिशव्या उचलून खाली उतरले. हेडमास्तर बुधवारपर्यंत तसेच राहिले. दोघांचं जमलं की किंमत तिसऱ्याने द्यायची, हे मी युतीच्या राजकारणात पुष्कळ पाहिलंय, पण तिसऱ्याच्या गालावर एवढं स्पष्ट उगवलेलं पहिल्यांदा पाहिलं.

आता दर मंगळवारी समोरचा सकाळी उभ्याच्या घरी येतो. उभ्या पाय बाकावर ठेवून बसतो, समोरचा त्याचं मागचं कापून दाढी करतो. मग समोरचा बसतो आणि उभ्या बसल्या-बसल्या त्याची करतो, हे शिकायला त्याला तीन मंगळवार लागले. गळ्याशी वस्तरा असताना माणूस कुठे जात नाही, त्यामुळे दोघंही निश्चिंत. दुपारी दोघं एकाच खोलीत आडवे होतात, एक डोळा मिटून. वहिनी म्हणते, “भाऊजी, एक नवरा घरी बसवा म्हटलं होतं, तुम्ही दोन बसवलेत.”

जखम भरत आली. कडेने नवी गुलाबी कातडी दिसायला लागली तेव्हा मी म्हटलं, आता पुष्कळ झालं, विश्वास बसलाय, ती कुलपं काढा आणि माणसांसारखे राहा. दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी पाय कापायला सांगितला.

“कशावर विश्वास?” समोरच्याने विचारलं.

उभ्या ‘हं’ म्हणाला, आणि ह्या वेळी त्याने खरंच ऐकलेलं होतं.

बुधवारी सकाळी आठला दोघं रस्त्याच्या मध्यावर एकमेकांना ओलांडून जातात आणि एकमेकांच्या शटरपुढे किल्ली हातात घेऊन थांबतात. आधी कुणी उघडायचं, ह्यावर अजून एकमत नाही. मान वळवून बघतात, पुन्हा कुलपाकडे वळतात, पुन्हा बघतात. परवा शिंप्याला घाई होती, तो मध्ये उभा राहून एक-दोन-तीन म्हणाला. दोघांपैकी कुणीच किल्ली फिरवली नाही.

“तीनवर म्हणालात की तीननंतर?” उभ्याने विचारलं. दोन्ही पायांवर सारखा भार टाकून उभा होता.